आर्क्टिकचा बर्फ रोज मोजायचा, तर डेटा कुठून आणायचा? चार महिन्यांच्या नोंदी

3 जून 2025

काय करायचं आहे ते आधी एका वाक्यात लिहून ठेवते: आर्क्टिक महासागरावर आज बर्फ किती आहे आणि तिथलं हवामान कसं आहे, हे रोज एका पानावर शेजारी शेजारी दिसलं पाहिजे. डेटा सगळ्यांना खुला असलेलाच घ्यायचा, म्हणजे माझा आलेख पटला नाही तर कुणालाही तो स्वतः काढून पाहता येईल.

निमित्त मार्चचं. यंदा 22 मार्चला आर्क्टिकच्या समुद्री बर्फाचा हिवाळ्यातला सर्वाधिक विस्तार झाला तो 1 कोटी 43 लाख 30 हजार चौरस किलोमीटरचा. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून हिवाळ्याचा कमाल विस्तार इतका कमी कधीच नव्हता. ते वाचलं तेव्हाच ठरवलं, की हा उन्हाळा बातम्यांतून ऐकायचा नाही, आकड्यांतून बघायचा.

सुरुवात एनएसआयडीसीपासून. म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय हिम आणि बर्फ डेटा केंद्र, कोलोरॅडो विद्यापीठातलं, बोल्डरचं. त्यांच्या 'सी आइस इंडेक्स'मध्ये रोजच्या विस्ताराची एक साधी सीएसव्ही फाइल मिळते. खातं लागत नाही, परवानगी लागत नाही. वर्ष, महिना, दिवस, विस्तार, गहाळ क्षेत्र आणि मूळ फाइलचं नाव, असे सहा रकाने. विस्तार दशलक्ष चौरस किलोमीटरमध्ये. मी तो लाखांत करून घेतला, कारण 3.39 पेक्षा 33.9 लाख म्हटलं की मला आकार लगेच कळतो.

संध्याकाळ मात्र एका क्षुल्लक गोष्टीत गेली. विस्ताराची बेरीजच होईना. फाइल साध्या संपादकात उघडली तेव्हा गोम कळली: पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आहेत आणि दुसऱ्या ओळीत एककं. त्या एका ओळीमुळे पायथन (मी वापरते ती संगणकाची भाषा) अख्खा रकाना मजकूर समजत होता. शिवाय नावांच्या आधी रिकाम्या जागा आहेत, त्यामुळे 'एक्स्टेंट' नावाचा रकाना शोधला तर सापडत नाही. दुसरी ओळ गाळायची आणि नावांच्या कडेच्या जागा छाटायच्या, की काम झालं.

5 जून

सगळी फाइल वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातली. नोंदी 26 ऑक्टोबर 1978 पासून. पहिली जवळपास नऊ वर्षं दिवसाआड आहेत. निंबस-7 उपग्रहावरचा एसएमएमआर हा संवेदक वीज पुरवून वापरावी लागत असल्यामुळे एक दिवस चालू, एक दिवस बंद असा चालायचा. ऑगस्ट 1987 नंतर रोजच्या नोंदी येतात, आणि लगेच पुढे एक भोक पडतं: 3 डिसेंबर 1987 ते 12 जानेवारी 1988. एकेचाळीस दिवस काहीच नाही.

दिवसाआडच्या जागा मी शेजारच्या दोन दिवसांच्या सरासरीने भरल्या. एका दिवसात बर्फ काही उड्या मारत नाही. एकेचाळीस दिवस भरायला मन धजावलं नाही. डिसेंबर-जानेवारी म्हणजे बर्फ वेगाने पसरण्याचे दिवस, तिथे सरळ रेघ ओढली तर ती माझी कल्पना होईल. ती जागा आलेखात रिकामीच राहील.

आणखी एक: वर्षांची तुलना 'वर्षातला कितवा दिवस' यावर केली तर लीप वर्षात 29 फेब्रुवारीनंतरचं सगळं एक दिवस सरकतं. महिना आणि तारीख यांवर जुळवलं.

9 जून

हा आकडा नेमका कशाचा, ते समजल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं होतं. आज नीट वाचलं.

उपग्रह बर्फाचा फोटो काढत नाही. समुद्राच्या पृष्ठभागातून आपोआप बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरी तो टिपतो. मोकळं पाणी या लहरी कमी सोडतं, बर्फ जास्त, आणि दोन्हींचं ध्रुवीकरणही वेगळं असतं. म्हणून सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीतही काम अडत नाही आणि बहुतेक ढगांचाही अडथळा होत नाही. पण या लहरी फार क्षीण असतात. पुरेसा संकेत मिळवायला एकदम मोठा पट्टा टिपावा लागतो, म्हणून या नकाशाची एकेक चौकट 25 किलोमीटर लांब-रुंद.

प्रत्येक चौकटीत बर्फाचं प्रमाण किती टक्के, ते काढतात. ते 15 टक्के किंवा जास्त असेल तर अख्खी चौकट बर्फाची धरली जाते. अशा चौकटींची बेरीज म्हणजे विस्तार. प्रत्येक चौकटीतला बर्फ त्याच्या टक्क्यांइतकाच मोजला तर मिळतं ते क्षेत्रफळ, आणि ते नेहमी विस्तारापेक्षा कमी भरतं. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात.

क्षेत्रफळ जास्त खरं वाटतं, मग सगळे विस्ताराच्या मागे का? उत्तर उन्हाळ्यात आहे. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि संवेदकाला ती समुद्रासारखीच दिसतात. खाली दोन मीटर जाड बर्फ असला तरी टक्केवारी घसरते. 15 टक्क्यांची मर्यादा या चुकीला बऱ्याच अंशी पुरून उरते. मीही विस्तारच धरणार.

14 जून

एकाच स्रोतावर विसंबायचं नाही म्हणून आज बाकीचे धुंडाळले. आधी नावं लिहून ठेवते, मग मत.

जर्मनीतलं ब्रेमेन विद्यापीठ रोजचे नकाशे देतं, 6.25 किलोमीटरच्या चौकटीचे. जपानच्या शिझुकू उपग्रहावरच्या एएमएसआर2 संवेदकाचा 89 गिगाहर्ट्झचा पट्टा ते वापरतात. कडा इतकी रेखीव दिसते की पहिल्यांदा पाहताना मी बराच वेळ नुसती बघत बसले. याच संवेदकावरून जपानच्या ध्रुवीय संशोधन संस्थेचं एडीएस हे संग्रहस्थळ रोजचा विस्तार देतं, आणि तिथला तुलनेचा आलेख वापरायला फार सोपा आहे. युरोपच्या हवामान उपग्रह संस्थेचं ओएसआय सॅफ हे केंद्र नॉर्वे आणि डेन्मार्कच्या हवामान संस्थांच्या मदतीने स्वतःची मालिका चालवतं. त्यांच्या फाइलींत प्रत्येक चौकटीच्या आकड्याबरोबर अनिश्चितताही दिलेली असते, हे मला मनापासून आवडलं. आणि एमएएसआयई: यात माणसं बसून उपग्रहांच्या निरनिराळ्या प्रतिमा बघून बर्फाची कड आखतात. आज कड कुठे आहे हे जाणून घ्यायला ते उत्तम. दोन वर्षांची तुलना करायला मात्र नाही, कारण माणसाच्या हातात कोणत्या दिवशी किती चांगल्या प्रतिमा होत्या यावर आकडा हलतो.

आता अडचण. एकाच दिवसाला चार स्रोत चार आकडे सांगतात. 2012 च्या सप्टेंबरातला नीचांक घ्या. एनएसआयडीसीकडे तो 33.9 लाख, जपानी मालिकेत 32 लाखांच्या जवळ. बर्फ एकच, फरक दोन लाखांचा. संवेदक वेगळा, चौकट वेगळी, किनाऱ्यालगतच्या चौकटी स्वच्छ करण्याची रीत वेगळी. किनाऱ्याच्या चौकटीत अर्धी जमीन अर्धं पाणी आलं की संवेदकाला तिथे बर्फ असल्याचा भास होतो, आणि तो भास कुणी किती काटेकोरपणे काढला यावर बेरीज बदलते.

इतकंच काय, एनएसआयडीसीचा स्वतःचा आकडाही बदलला आहे. 2012 मध्ये नीचांक 34.1 लाख म्हणून जाहीर झाला होता. पुढे पद्धत सुधारली, जुनी वर्षं पुन्हा मोजली, आता तो 33.9 छापतात. शिवाय जाहीर होणारा आकडा पाच दिवसांच्या सरासरीचा असतो आणि सीएसव्हीत त्या एका दिवसाचा. दोन्ही शेजारी ठेवून 'चूक सापडली' म्हणणारे बरेच दिसले. चूक काहीच नाही.

ठरलं: वर्षावर्षांची तुलना फक्त एनएसआयडीसीवर. रोज कड बघायला ब्रेमेन. एका मालिकेतला आकडा दुसऱ्या मालिकेतल्या आकड्यातून कधीच वजा करायचा नाही.

19 जून

तयार बेरीज वापरण्याआधी ती एकदा स्वतः करून बघायची होती. 17 सप्टेंबर 2012 चा नकाशा उतरवला, 15 टक्क्यांच्या वरच्या चौकटी मोजल्या आणि 625 ने गुणलं. 25 गुणिले 25, यात चुकायचं काय? तरी उत्तर जाहीर आकड्यापेक्षा सरळ सरळ कमी आलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

अर्धा दिवस मी ध्रुवाभोवतालच्या भोकाला दोष देत होते. उपग्रहाची कक्षा थेट ध्रुवावरून जात नाही, त्यामुळे मधली एक गोल जागा कधीच टिपली जात नाही आणि ती बर्फाची आहे असं गृहीत धरतात. ती मी आधीच मिळवलेली होती. शेवटी मैत्रिणीला फोन लावला. ती नकाशांचं काम करते. तिने मध्येच तोडलं, "अगं, प्रक्षेपण कोणतं आहे ते बघितलंस का?"

तिथेच होती मेख. हा नकाशा 70 अंश उत्तर अक्षांशावर खरा आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना त्याच्या वरचा भाग थोडा आकसतो आणि खालचा ताणला जातो. कागदावरची 25 किलोमीटरची चौकट ध्रुवाजवळ प्रत्यक्षात सुमारे 664 चौरस किलोमीटर जागा व्यापते, तर नकाशाच्या दक्षिण टोकाकडे जेमतेम 382. सप्टेंबरात उरलेला जवळपास सगळा बर्फ 70 अंशांच्या वर असतो, म्हणून 625 ने गुणलं की बेरीज साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी भरणारच. एनएसआयडीसी प्रत्येक चौकटीच्या खऱ्या क्षेत्रफळाची वेगळी फाइल देते. ती वापरली आणि बेरीज जुळली.

या फाइलचं नाव मी भिंतीवर चिकटवलं आहे.

26 जून

आज वाचलेल्या बातमीने सगळा बेत हलला. एनएसआयडीसीची मालिका सध्या ज्या एसएसएमआयएस संवेदकांवर चालते, ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या डीएमएसपी उपग्रहांवर आहेत. त्यांचा डेटा 30 जूननंतर देणं बंद होणार, अशी सूचना निघाली आहे. चार दिवसांची मुदत. एएमएसआर2 कडे वळण्याची तयारी चालू असल्याचं एनएसआयडीसीने सांगितलं आहे.

पहिला विचार आला तो असा: मग जपानी आकडा घ्यावा आणि पुढे चालावं. पण चौदा जूनला मीच लिहून ठेवलंय, की एका मालिकेतून दुसऱ्या मालिकेत उडी मारायची नाही. दोन लाखांचा फरक बर्फाने केला की संवेदकाने, हे कोण सांगणार?

म्हणून आज जुने सांधे कसे जोडले ते शोधत बसले. 1978 पासून आजपर्यंत एकच रेघ दिसते खरी, पण ती निंबस-7, मग डीएमएसपीचे एफ8, एफ11, एफ13, एफ17, एफ18 अशा हातांतून आली आहे. प्रत्येक वेळी जुना आणि नवा उपग्रह काही काळ बरोबर उडत असतात, दोघांचे आकडे ताडून बघतात आणि नव्याला जुन्याशी जुळवून घेतात. सगळ्यात नाजूक सांधा पहिलाच. निंबस-7 आणि एफ8 यांची सोबत 1987 मध्ये 9 जुलै ते 20 ऑगस्ट एवढीच, सहा आठवडे. आपण नव्वदच्या दशकाची तुलना ऐंशीच्या दशकाशी करतो ती त्या सहा आठवड्यांच्या भरवशावर.

संवेदक आपला आपण बिघडतो तोही प्रकार घडलेला आहे. 5 एप्रिल 2016 ला एफ17 चा 37 गिगाहर्ट्झचा एक पट्टा गडबडला आणि नकाशावर नसलेला बर्फ दिसू लागला. तेव्हा रोजचा आकडा थांबवून एफ18 वर जावं लागलं.

आता दिलासा देणारी बाजू. एएमएसआर2 चं उड्डाण मे 2012 चं. म्हणजे जुने आणि नवे संवेदक तेरा वर्षं एकाच बर्फाकडे बघत आले आहेत. सहा आठवड्यांवर सांधा जोडला गेला तिथे तेरा वर्षांवर तो नक्कीच घट्ट जोडता येईल.

माझ्या बाजूने एकच काम करण्यासारखं होतं, ते केलं. सीएसव्हीच्या शेवटच्या रकान्यात मूळ फाइलचं नाव असतं, आणि त्या नावातच उपग्रहाचा क्रमांक दडलेला असतो. तो वेगळा काढून 'उपग्रह' नावाचा स्वतंत्र रकाना केला. आलेखात आता उपग्रह बदलतो तिथे एक फिकट उभी रेघ येते. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

30 जून

मुदत 31 जुलैपर्यंत वाढवली आहे. आणि कालच जपानने तानेगाशिमाहून गोसॅट-जीडब्ल्यू उपग्रह सोडला. एच-2ए रॉकेटचं ते पन्नासावं आणि अखेरचं उड्डाण होतं. उपग्रहावर एएमएसआर3 आहे. एएमएसआर2 म्हातारा होण्याआधी त्याचा वारस वर पोचला, याचा फार आनंद झाला.

6 जुलै

आता हवामान. ईआरए5 शिवाय पर्याय नाही असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने बनवलेलं हे पुनर्विश्लेषण: ठाणी, बोयी (वाहती मोजयंत्रं), विमानं, उपग्रह यांची मिळतील तेवढी निरीक्षणं हवामानाच्या संगणकीय प्रारूपात (मॉडेलमध्ये) घालून प्रत्येक तासाचं जगभरचं चित्र उभं केलेलं, 1940 पासून. चौकट सुमारे 31 किलोमीटर. युरोपच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या क्लायमेट डेटा स्टोअरवर खातं काढलं की मोफत. आजपासून साधारण पाच दिवस मागेपर्यंतचं मिळतं.

नव्या माणसासाठी अडखळण्याच्या जागा: डेटासंचाच्या अटी एकदा मान्य केल्याशिवाय स्क्रिप्ट नुसतीच नकार देत राहते. तापमान केल्व्हिनमध्ये, म्हणजे 273.15 वजा करा. दाब पास्कलमध्ये. वारा एका आकड्यात येत नाही, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन वेगळे येतात. मागणी करताना फक्त 60 अंशांच्या उत्तरेचा भाग मागा, सगळं जग मागाल तर रांगेत ताटकळत राहाल.

एक गोष्ट मनात ठेवायची. मध्य आर्क्टिकवर ठाणी जवळपास नाहीतच. तिथलं ईआरए5 चं तापमान मुख्यतः प्रारूपाने काढलेलं असतं, आणि हिवाळ्यात बर्फावर ते प्रत्यक्षापेक्षा उबदार निघतं हे तपासांत दिसलेलं आहे. वारा आणि दाब यांवर माझा जास्त भरवसा.

13 जुलै

डेन्मार्कच्या हवामान संस्थेचा 80 अंशांच्या उत्तरेचा तापमान-आलेख, 1958 पासूनच्या प्रत्येक वर्षाचा. आर्क्टिकवर लिहिणारे सगळे हा दाखवतात. हिवाळ्यात रेघ नुसती थयथयाट करते, आणि जून-जुलैत शून्याच्या किंचित वर येऊन सपाट पडते. कोणतंही वर्ष काढा, उन्हाळा तसाच. यावरून 'उन्हाळ्यात आर्क्टिक तापलेलं नाही' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. पण पातेल्यात बर्फ आहे तोवर पाण्याचं तापमान शून्यावरून हलत नाही. येणारी सगळी उष्णता वितळवण्यात खर्च होते. इथे पातेलं महासागराएवढं आहे. ती सपाट रेघ बर्फ वितळत असल्याची खूण आहे, थंडीची नव्हे.

या आलेखाची सरासरीही जपून घ्यावी लागते, हे ती संस्था स्वतःच सांगते. अक्षांश-रेखांशांच्या जाळीत प्रत्येक अक्षांशावर सारखेच बिंदू असतात. पण 80 अंशांवरचं वर्तुळ सुमारे 6,960 किलोमीटर घेराचं, आणि 89 अंशांवरचं फक्त 700. दोघांना सारखं वजन दिलं की सरासरी ध्रुवाकडे झुकते.

एकोणीस जूनची चूक वेगळ्या कपड्यांत समोर उभी होती. ईआरए5 वर माझी सरासरी मी अक्षांशाच्या कोसाइनने तोलून घेतली.

20 जुलै

प्रत्यक्ष ठाणी. स्वालबार्डचा डेटा नॉर्वेच्या हवामान संस्थेकडून, अलर्ट आणि युरेकाचा कॅनडाकडून, ग्रीनलंडच्या टोकाच्या केप मॉरिस जेसपचा डेन्मार्ककडून. सगळे मोफत, फक्त प्रत्येकाची मांडणी निराळी. बर्फावर सोडलेल्या बोयांचा डेटा आंतरराष्ट्रीय आर्क्टिक बोय कार्यक्रमाकडे, 1979 पासूनचा. बोय बर्फाबरोबर वाहत जातो. त्यामुळे त्याचं तापमान एका जागेचं नसून एका प्रवासाचं असतं, हे विसरून आलेख काढला तर बोय दक्षिणेला सरकला म्हणून तापमान वाढलेलं आपल्याला हवामानबदल वाटेल.

अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उटकियाग्विकची हकीकत मला सारखी आठवते. 2017 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहाच्या लक्षात आलं, की या ठाण्याचा नोव्हेंबरचा आकडा महिन्याच्या गणनेतून गायब आहे. ठाणं हलवलं गेलं, यंत्र बदललं, शेजारी इमारत आली, असं काही झालं तर आकडे अचानक उडी मारतात. ते पकडायला एक संगणकीय चाळणी लावलेली असते. ती शेजारच्या ठाण्यांशी ताडून बघते. किनाऱ्याजवळचा बर्फ उशिरा येऊ लागल्याने उटकियाग्विकचा शरद ऋतू शेजाऱ्यांपेक्षा इतका झपाट्याने तापला होता, की चाळणीने खरे आकडे खोटे समजून बाजूला काढले. यंत्र ठीक होतं, ठाणं जागच्या जागी होतं.

माझ्याही स्क्रिप्टमध्ये 'सरासरीपासून फार लांबचा आकडा गाळा' अशी एक ओळ होती. ती काढली. आता असा आकडा लाल रंगात दिसतो, आणि तो ठेवायचा की नाही ते मी बघून ठरवते.

1 ऑगस्ट

डीएमएसपीचा डेटा बंद होणार नाही, पुढेही मिळत राहील असं जाहीर झालं आहे. सांधा जोडायला निवांतपणा मिळाला.

6 ऑगस्ट

आज बर्फ आणि हवामान पहिल्यांदा एका पानावर आणले. सरावासाठी 2012 चा ऑगस्ट निवडला, कारण तेरा वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी आर्क्टिकवर एक प्रचंड वादळ ऐन भरात होतं.

ईआरए5 चा समुद्रसपाटीचा दाब 1 ते 14 ऑगस्टसाठी उतरवला, आणि प्रत्येक तासाचा सर्वांत कमी दाब कुठे आहे तिथे ठिपका टाकला. ठिपके सायबेरियावरून निघतात, महासागरात उतरतात आणि मग मधोमध जाऊन रेंगाळतात. 6 तारखेला आकडे 96 हजार पास्कलच्या घरात. त्या दिवशीचा नीचांक 966 हेक्टोपास्कल असा नोंदला गेला आहे. उन्हाळ्यात आर्क्टिकवर इतकी खोल वादळं फार क्वचित होतात.

खाली विस्ताराची रेघ ठेवली. 4 तारखेपासून ती अक्षरशः कड्यावरून उतरते: काही दिवस तर रोज दोन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास घट. ब्रेमेनसारखे नकाशे चाळले तर चुकची समुद्राकडचा एक मोठा लचका मुख्य बर्फापासून तुटून विरघळताना दिसतो.

पाहताना अंगावर काटा आला. पण दोन रेघा एकत्र पडल्या म्हणून एकीने दुसरीला पाडलं, असं लिहायचा मोह आवरायला हवा. वादळ बर्फाचं काय करतं? तुकडे करतं, खालचं उबदार पाणी घुसळून वर आणतं, आणि तुकडे पांगवतं. पांगलेल्या तुकड्यांची चौकट 15 टक्क्यांच्या खाली गेली की ती एका दिवसात हिशेबातून बाहेर, मग तिच्यातला बर्फ अजून तरंगत का असेना. म्हणजे त्या घटीतली थोडी खरी वितळण, थोडी मोजणीच्या रीतीमुळे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रारूपातून वादळ वगळून तोच उन्हाळा पुन्हा चालवून पाहिला होता. वादळाशिवायही 2012 चा विक्रम झालाच असता, असं त्यातून निघालं. बर्फ आधीच पातळ झालेला होता.

पातळ. विस्ताराच्या माझ्या आलेखात या शब्दाला कुठेच जागा नाही.

17 ऑगस्ट

डोळ्यांनी बघण्याची साधनं. नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडायचं, आर्क्टिकचं प्रक्षेपण निवडायचं, आणि टेरा उपग्रहाच्या मोडिस कॅमेऱ्याचे 7-2-1 हे पट्टे लावायचे. साध्या रंगांत ढगही पांढरे आणि बर्फही पांढरा. या पट्ट्यांत बर्फ निळा-हिरवट चमकतो आणि पाण्याचे ढग पांढरे राहतात. दहा मिनिटांत नजर बसते.

ग्रीनलंड आणि एल्समियर बेटाच्या मधली नेअर्स सामुद्रधुनी मी रोज बघते. हिवाळ्यात तिथे बर्फाची कमान धरते, एखाद्या पुलासारखी, आणि उत्तरेचा जुना जाड बर्फ अडवून ठेवते. उन्हाळ्यात कमान फुटली की तो बर्फ खाली वाहू लागतो. 2007 मध्ये कमान धरलीच नव्हती. ढगांमागे काय चाललंय ते बघायला सेंटिनल-1 उपग्रहाचं रडार, कोपर्निकस ब्राउझरवर. त्याला ढग आणि अंधार दोन्ही सारखेच.

24 ऑगस्ट

जाडी. याच्या मागे आठवडा गेला आणि तो सत्कारणी लागला.

क्रायोसॅट-2 हा 2010 चा युरोपीय उपग्रह बर्फाचा पाण्यावर डोकावणारा भाग रडारने मोजतो. बर्फाचा सुमारे एक दशांश भाग वर, बाकी पाण्याखाली. म्हणजे वरच्या दोन सेंटिमीटरची चूक खाली वीस सेंटिमीटरची होते. त्यात बर्फावर हिम किती साचलंय हे माहीत लागतं. त्यासाठी सोव्हिएत संघाच्या तरंगत्या संशोधन ठाण्यांवर माणसांनी 1954 ते 1991 या काळात मोजून ठेवलेली जाडी बराच काळ वापरली गेली. पट्टी घेऊन बर्फावर उतरलेल्या माणसांचे आकडे अवकाशातल्या रडारला कामी येतात, हे वाचून थांबलेच जरा. आणि उन्हाळ्यात डबक्यांमुळे सगळं गोंधळतं, म्हणून नेहमीचा जाडीचा डेटा ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच येतो.

म्हणून बारमाही घनफळासाठी पीआयओएमएएस, त्याच वॉशिंग्टन विद्यापीठाचं. हे मोजमाप नव्हे, प्रारूप आहे. पण निरीक्षणांशी सतत ताडून पाहिलेलं. मजकुराची साधी फाइल मिळते. सप्टेंबर 1979 मध्ये सुमारे 17 हजार घन किलोमीटर. सप्टेंबर 2012 मध्ये 4 हजारांच्या आत. त्याच काळात विस्तार जवळपास निम्मा झाला, घनफळ पाव भागाच्याही खाली गेलं. सहा ऑगस्टच्या पानाखाली मी आज तिसरी रेघ जोडली, वेगळ्या रंगात, आणि तिच्यावर 'प्रारूप' असं ठळक लिहिलं.

18 सप्टेंबर

नीचांक जाहीर झाला: 10 सप्टेंबर, 46 लाख चौरस किलोमीटर. 2008 आणि 2010 च्या बरोबरीने दहावा. 2012 पेक्षा 12 लाखांनी जास्त.

मार्चमध्ये सर्वांत कमी आणि सप्टेंबरात दहावा. सकाळपासून दोघांनी विचारलं, मग बर्फ सावरतोय का? मी त्यांना गेल्या एकोणीस वर्षांचे नीचांक दाखवले. 2007 ते 2025. उपग्रहांच्या नोंदींतले सर्वांत कमी एकोणीस नीचांक तेच आहेत, त्यांत आधीचं एकही वर्ष नाही. मार्चचा कमाल विस्तार बहुतांशी कडेच्या समुद्रांत ठरतो. ओखोत्स्क किंवा लॅब्राडोरजवळचा तो बर्फ जूनपर्यंत दरवर्षी जातोच. सप्टेंबरचा आकडा महासागराच्या पोटातल्या बर्फावर आणि त्या उन्हाळ्याच्या ढग-वाऱ्यावर ठरतो. दोन वेगळ्या जागांचे दोन आकडे.

22 सप्टेंबर

आज विषुवदिन. ध्रुवावरचा सूर्य क्षितिजाला टेकलाय, वर्ल्डव्ह्यूच्या नकाशावर मधोमध काळं वर्तुळ धरू लागलंय आणि ते रोज वाढेल. नेअर्स सामुद्रधुनी अजून थोडे दिवस दिसेल. नंतर मार्चपर्यंत सेंटिनल-1.

स्क्रिप्ट आता रोज पहाटे आपोआप चालते. पुढच्या महिन्यात क्रायोसॅटची जाडी पुन्हा येऊ लागली की तिचा रकाना जोडायचा आहे. एएमएसआर2 ची मालिका रुजू झाली की दोन्ही संवेदकांचे आकडे निदान एक वर्षभर शेजारी शेजारी ठेवायचे, आणि 'उपग्रह' रकान्यात नवं नाव आलं की त्या तारखेला उभी रेघ आपोआप पडते का, ते तपासायचं.